अर्ध्या दरातला सल्ला

॥ श्री ॥

मेल वीथी, तंजावूर
रविवार, २५ जून १९९५

चि. सौ. अंबा हीस,

अण्णाचे आशीर्वाद. इकडे सगळे आपापल्या जागी आहेत, तुझ्या घरीही तसेच असो. यजमानांचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव.

पत्राला उशीर झाला त्याला कारण असे काही नाही. लिहिण्यासारखे घडत नाही. कालव्याला अजून पाणी यायचे आहे. रोज संध्याकाळी पुलापर्यंत जातो आणि कोरड्या वाळूकडे बघून परत येतो. आठवते ना, पहिले पाणी यायचे तेव्हा ते पाणी नसायचेच मुळी. पुढे पुढे पाचोळा आणि फेस लोळत यायचा, आणि आपण दोघे कठड्याला टेकून पुस्तकातली होडीची कविता म्हणायचो. पाणी पुलाखाली पोचायच्या आत कविता संपली पाहिजे, अशी पैज. तू नेहमी आधी संपवायचीस, कारण तू मधल्या दोन ओळी गाळायचीस. मी एकही गाळली नाही, म्हणून हरायचो.

व्यंकटरमणच्या साईप्रियाला बारावीत उत्तम गुण पडले. हे तुला ठाऊक आहेच. माझ्याआधी ठाऊक होते, असे ऐकतो.

आणखी एक बातमी म्हणजे आपल्या कोपऱ्यावर एकोजींचे छत्र्या दुरुस्त करायचे दुकान होते, तिथे आता पिवळ्या पाटीचे टेलिफोन बूथ झाले आहे. सांबशिव नावाचा तरुण चालवतो. काचेची एक उभी पेटी, आत एक फोन, भिंतीवर तांबडे आकडे पळत असतात. माणसे आत जाऊन दुबईशी बोलतात, मुंबईशी बोलतात, काचेआडून नुसते हातवारे दिसतात. रविवारी अर्धा दर असतो म्हणून रांग लागते. त्या रांगेत आपल्या घरची माणसेही उभी असतात, हे मला अलीकडेच समजले.

असो. मी तुला दुसऱ्याच कामासाठी लिहायला बसलो आहे. श्रावणात आपल्या मराठी मंडळींचा मेळावा असतो आणि मी दरवर्षी एका शब्दावर अर्धा तास बोलतो, हे तू जाणतेस. ऐकणारे कमी होत चालले आहेत. त्यातले निम्मे मान डोलावतात ती कॉफी लवकर यावी म्हणून. यंदाचा शब्द मी ठरवला आहे: जो सल्ला देतो, तो. त्याला आपल्या भाषेत किती नावे आहेत बघ. सल्लागार हा बंद गळ्याचा कोट घालून बसतो आणि विचारल्यावाचून बोलत नाही. उपदेशक उभ्यानेच बोलतो, आणि समोरचा उठून गेला तरी बोलत राहतो. मार्गदर्शक दिवा घेऊन पुढे चालतो, त्यामुळे त्याची फक्त पाठ दिसते. हितचिंतक न बोलावता येतो आणि जेवून जातो. मंत्री राजाच्या उजव्या हाताला, कारभारी किल्ल्यांच्या जुडग्यासह. इथले तमिळ लोक आलोसगर म्हणतात. बसस्टँडजवळ तर परवा 'कन्सल्टंट' अशी पाटी लागली आहे, आत एक पंखा आणि एक मुलगा.

आणि मसलतकार. तो आपल्या घराचा शब्द. आपला कोणी पूर्वज कोण्या राजाच्या कानाशी बसत असे. कोणता राजा, हे आजवर कोणाला सांगता आलेले नाही, पण या वीथीत आपले घर मसलतकारांचे. मुंज, मुलगी बघायला येणारे, नोकरीची बदली, काही असो, लोक पितळी तबकात विडा घेऊन यायचे. तबक मसलतकारापुढे ठेवायचे, मग विचारायचे. बाबा ऐकून घ्यायचे, डोळे मिटायचे, बोलायचे, आणि बोलून झाल्यावर विडा उचलायचे. बाबांमागे ते तबक माझ्यापुढे येऊ लागले. तुला हे सांगायला नको. पण मी मुद्दाम लिहितो, कारण पुढचे त्याशिवाय कळणार नाही.

गेल्या रविवारी संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो. सांबशिव आपल्या घरचे तबक घेऊन आला. पितळेचे, काठावर मोर असलेले.

"सार, अम्मा हे विसरून गेल्या," म्हणाला.

"कुठे?"

"फोनजवळ. दर आठवड्याला ठेवतात. पाने मीच खातो, चालेल ना? आज तबकही राहिले."

मी तबक घेऊन आत गेलो. तुझी वहिनी तांदूळ निवडत होती.

"विशालाक्षी, हे बूथमध्ये काय करत होतं?"

तिने मान वर केली नाही. "ठेवलं होतं."

"फोनपुढे विडा?"

"फोनपुढे काय म्हणून ठेवीन? अंबावन्संपुढे ठेवला. असकं विचारायचं ते रिकाम्या हातानं विचारायचं होय?"

"अंबा पुण्यात आहे."

"तर काय. तबक तेवढं लांब जात नाही, आवाज जातो."

मी हसलो. तुलाही हसू येईल, हस. पण अंबा, मग मी त्या तबकाला चिंच लावून घासत बसलो. या घरातला विडा मी हयात असताना घराबाहेर गेला, आणि तो सांबशिवाच्या तोंडात पडला.

त्यांनी तुला काय विचारले, हे मी विचारत नाही. विशालाक्षी सांगत नाही, सून स्वयंपाकघरात जाते, चिरंजीव व्यंकटरमण पेपर उघडतात. मला त्याची उत्सुकताही नाही. फक्त शब्दांच्या यादीसाठी हवे आहे, की जो माणूस शेकडो मैलांवरून, तारेतून, रविवारी अर्ध्या दराने सल्ला देतो, त्याला काय म्हणावे. तुला सुचले तर कळव. सवड मिळेल तेव्हाच. तुझ्याकडे हल्ली विचारणारे फार असतात.

तुझा
अण्णा


तंजावूर
रविवार, ९ जुलै १९९५

चि. सौ. अंबा,

तुझे पत्र मिळाले. शब्द सुचवला नाहीस, पण बाकीचे सगळे स्वच्छ लिहिलेस, तुझी ती सवय जुनी आहे. साईप्रियाला पुण्याला पाठवावे, तिने तिथे कॉम्प्युटर शिकावे, राहायला तुझ्याकडे, फॉर्म आणून ठेवला आहे. 'मला वाटले वहिनींनी तुला सांगितले असेल.' नाही सांगितले. घरातल्या चार माणसांना माहीत असलेली गोष्ट मला पुण्याच्या टपालाने कळली.

मी त्या मुलीला काय सांगितले होते, ते तुला कोणी सांगितले नसेल. मे महिन्यात निकालाच्या दिवशी मी तिला शिवगंगेच्या तळ्यावर नेले होते. म्हटले, बाळ, इथेच मुलींच्या कॉलेजात जा. मग बी.एड. कर. चिंचेखाली बसून वाचावे, दुपारी घरी येऊन ताकभात जेवावा, संध्याकाळी मी कविता म्हणून दाखवीन. आमच्या काळी असेच होते आणि त्यात काही कमी नव्हते. तिने खाली मान घालून ऐकले. मला वाटले पटले. मुली खाली मान घालून ऐकतात तेव्हा पटलेच असे नसते, हे मला या वयात कळायचे होते.

तुझे पत्र वाचून मी तिला हाक मारली. तिची मराठी कशी आहे, तुला माहीत आहे. अर्धी आपली जुनी, अर्धी तमिळ, मध्ये इंग्रजी.

"तुला कॉम्प्युटर शिकायचंय, तर मला का नाही बोललीस?"

"बोलणार होते अज्जा. तुम्ही तळ्यावर न्हेलात ना, तेव्हाच."

"मग?"

"तुम्ही चिंचेच्या झाडाविषयी सांगत होतात. छान वाटत होतं. मध्ये कसं बोलायचं?"

"आणि अंबात्याला बोलता आलं?"

तिने वेणीचे टोक चावले. मग म्हणाली, "रागावू नका. तुम्ही सांगता ते कविता असते. अंबात्या सांगतात तो बसचा नंबर असतो."

माझ्या पाठीमागे तुझी वहिनी खोकली. हसू दाबायचे असले की ती खोकते.

अंबा, पत्र इथे थांबवावे असे दोनदा मनात आले. पण एकदा लिहायला घेतले आहे तर ऐक. हे आजचे नाही. तू सात-आठ वर्षांची असशील. बाबांना गाय घ्यायची होती. पापनाशमच्या बाजारात दोन गायी बघून आले होते, एक तांबडी, एक कपाळावर ठिपका असलेली. ओट्यावर बसून त्यांनी मला विचारले. मी उभा राहून ठिपकेवालीचे वर्णन केले, चांगले लांबलचक, पुस्तकातले शब्द घालून. बाबा 'वा' म्हणाले. मग तुझ्याकडे वळले. तू विचारलेस, "कोणती लाथ मारत नाही?" बाबा इतके हसले की त्यांनी तबक उचलून तुझ्यापुढे ठेवले. थट्टेने ठेवले, मला माहीत आहे. तांबडी गाय आली. ती पुष्कळ वर्षे दूध देत होती आणि ते दूध मी प्यायलो, पण गोड म्हणून कधी प्यायलो नाही.

पुढे तुझे लग्न झाले, तू गेलीस. मला वाईट वाटले, रडलोही. आणि रडता रडता वाटले, चला, आता विचारायला मी एकटा. हे वाक्य मी कोणापुढे उच्चारलेले नाही. तू असतीस तर विडा तुझ्याकडेच आला असता. मसलतकार मी झालो तो तू पुण्याला गेलीस म्हणून. आणि आता त्या सांबशिवाने रस्त्याच्या कोपऱ्यावर पुणे आणून ठेवले.

कोणी म्हणेल, सख्खी बहीण आहे, तिचा कसला मत्सर. परक्याचा एक वेळ सोसतो. बसस्टँडच्या कन्सल्टंटकडे गेली असती तर मी त्याची टिंगल केली असती आणि शांत झोपलो असतो. तुझी टिंगल करता येत नाही, कारण तू बरोबर असतेस.

आता एक आणखी सांगतो, आणि हे विशालाक्षीला सांगायचे नाही. आज दुपारी मी बूथवर गेलो होतो. सांबशिवाने नंबर न विचारताच फिरवला, त्याला पाठ झाला आहे. मी आत उभा राहिलो, काचेतून माझाच चष्मा मला दिसत होता. तुला सांगणार होतो की मुलगी माझी आहे, तू मध्ये पडू नकोस. शब्द जुळवून आणले होते. घंटा वाजली, तू फोन उचललास, आणि 'हॅलो' नाही, 'कोण' नाही, एकदम म्हणालीस, "बोला वहिनी."

मी फोन खाली ठेवला.

"लाइन कट झाली का सार?" सांबशिव म्हणाला. मी हो म्हटले. त्याने पुन्हा लावून देऊ का विचारले, मी नको म्हटले.

तेव्हा आज दुपारी जो फोन येऊन बंद पडला, तो मी होतो. तंजावूरहून रविवारी घंटा वाजली तर ती अण्णाची असेल, असे तुझ्या मनातही येत नाही. कसे येईल. मी कधी काही विचारलेच नाही तुला.

फॉर्म अजून पाठवू नकोस. मी काही ठरवलेले नाही. मी ठरवायचे आहे की नाही, हेही मला इथे कोणी सांगत नाही.

अण्णा


तंजावूर
शुक्रवार, २१ जुलै १९९५

चि. अंबा,

कालव्याला पाणी आले. मी पुलावर नव्हतो, घरीच होतो, त्यामुळे पाचोळा गेला तो बघायचा राहिला. घरी का होतो, ते सांगतो.

त्या दिवशी सकाळी व्यंकटरमण ऑफिसला जायच्या आधी माझ्यापुढे येऊन उभा राहिला. पन्नाशीला आलेला मुलगा, पण चप्पल घालताना आईकडे बघत होता.

"बाबा, साई म्हणते तुम्ही नको म्हटलंत तर ती जाणार नाही."

"हे तुम्ही तिला शिकवलंत?"

"नाही. आम्ही समजावलं, तर आमच्यावरच रागावली. म्हणते, अज्जांनी तोंडानं हो बोललं तरच."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"तर इथल्या कॉलेजचा फॉर्म भरतो. शनिवारी शेवटची तारीख." तो चपलेत पाय सरकवत म्हणाला, "अंबात्याला कळवायचं कसं, ते बघू."

त्याने ते शेवटचे वाक्य बोलायला नको होते. त्या एका वाक्याने मला केवढे बळ आले, अंबा. तुझ्या सगळ्या व्यवस्था, तुझ्या खोलीतली खाट, तुझा फॉर्म, आणि माझे एक 'नको'. इतकी गोड गोष्ट कित्येक वर्षांत माझ्या तोंडाशी आली नव्हती. मी ती दिवसभर तोंडात धरून हिंडलो. जेवताना विशालाक्षीने दोनदा विचारले, "बरं वाटत नाही काय?" मी म्हटले, फार बरे वाटते आहे.

संध्याकाळी पुलावर निघालो तर दारातच साईप्रिया बसलेली. मी तिला म्हटले, "सांग, अंबात्यानं काय काय सांगितलंय, नेमकं सांग." मला चूक शोधायची होती.

ती बोटांवर मोजत सांगत गेली. घरापासून थांबा कुठे, कोणती बस थेट जाते आणि कोणती वळसा घालते, पावसाळ्यात चामड्याची चप्पल चालणार नाही, आत्याच्या घरी सांबारात गूळ पडतो तेव्हा पहिले काही दिवस वेगळे ताट मागायला लाजू नये. मी ऐकत होतो. चूक सापडत नव्हती. मग ती म्हणाली, "बस आली की नुसता नंबर बघायचा अज्जा, कोणाला विचारायचंही नाही."

"नंबर कसा वाचशील?"

"मला नंबर येत नाही होय?" ती हसली.

मी आत जाऊन तुझी जुनी पाकिटे आणली. तू तुझ्या घराचा नंबर नेहमी देवनागरीत लिहितेस. तिच्यापुढे धरला. ती बघत राहिली. सात तिला एका बाजूने सहा वाटला, पाच आणि आठ तिने चित्रे बघावीत तसे बघितले. सतरा वर्षांची मुलगी, गणितात पहिली, आणि तिला आपले आकडे येत नाहीत. तुमच्या पुण्यातल्या बसवर नंबर मराठीत रंगवलेला असतो, हे मी तिथे आलो होतो तेव्हा पाहिले आहे.

हे तुला सुचले नव्हते, अंबा. तू सगळे सांगितलेस आणि हे राहिले. तू तिथली झालीस, म्हणून राहिले. मला किती आनंद झाला, ते लिहायला लाज वाटत नाही.

मी तिला पाटीवर शिकवायला बसलो. एक ते नऊ. शून्य तेवढे सारखेच, म्हणून ती खूश. मग अंधार पडेपर्यंत मी ओट्यावरून मोठ्याने आकडे सांगत होतो आणि ती लिहीत होती, आणि पाटी पुसताना तिच्या हनुवटीला खडू लागला होता. पाणी आले ते तेव्हाच. रस्त्याने जाणारी पोरे ओरडत पुलाकडे पळाली. साईप्रिया उठू लागली, मी म्हटले, बस, आधी आठ नीट काढ.

तिने आठ काढला आणि पाटी खाली ठेवून विचारले, "अज्जा, मग जाऊ?"

तुला वाटेल मी मोठ्या मनाने बोललो. नाही. 'नको' अजून तिथेच होते, जिभेवर. मी तिच्याकडे बघत होतो आणि मला एवढेच दिसत होते की मी नको म्हटले तर ही राहील, खरेच राहील, चिंचेखाली बसेल, दुपारी ताकभाताला येईल. मी कविता म्हणेन आणि ती खाली मान घालून ऐकेल. ती खाली मान घालून ऐकते तेव्हा काय असते, ते मला आता माहीत होते.

"जा," मी म्हटले. जरा रागानेच म्हटले. ती घाबरून आत आईकडे गेली, आणि आतून तुझ्या वहिनीच्या खोकण्याचा आवाज आला.

तेव्हा फॉर्म पाठव. पुढच्या आठवड्यात व्यंकटरमण तिला घेऊन मद्रासमार्गे निघेल. शाईची दौत आणि लिंबाचे लोणचे पाठवतो आहे. तिच्या मराठीला तुमच्याकडे लोक हसतील. तू हसू नकोस. ती 'सगळं'ऐवजी 'असकं' म्हणाली की तूही दोनदा 'असकं' म्हण, म्हणजे इतरांना वाटेल तसेच म्हणतात.

आता ती तुझ्याकडे असेल. सकाळी उठल्यापासून तुलाच विचारेल. कोणता रस्ता, कोणती साडी, कोणावर विश्वास ठेवावा, पुढे कोणाशी लग्न करावे. आणि तुला प्रत्येकाचे उत्तर येत असेल. हे मला या ओट्यावरून दिसते, आणि दिसले की पोटात दुखते. ते दुखणे मी औषधाने घालवणार नाही, ते आता माझ्या वयाबरोबरच जाईल.

पण तुझ्याकडे एक मागतो. आजवर तुझ्याकडे काही मागितले नाही, म्हणून कसे मागावे हे येत नाही. ती कधीतरी तुला काहीतरी विचारेल, अगदी किरकोळ, ज्याचे उत्तर तुला झोपेतही येत असेल. तेव्हा उत्तर देऊ नकोस. कपाळाला आठी घाल, थोडा वेळ विचार केल्यासारखे कर, आणि म्हण, "हे मला सांगता यायचं नाही गं, तुझ्या अज्जांना विचार."

बूथवर फोन आला तर सांबशिव हाक मारील. रविवारी मी घरीच असतो.

तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि तेवढ्यानेच मोठा,
अण्णा